बारावीनंतर पब्लिक हेल्थ: या पदवीत शिकवतात तरी काय?

२०२५च्या जानेवारीत पुण्यातल्या रुग्णालयांत हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. आजार होता गियाँ-बारे सिंड्रोम, पुढे बरेच दिवस पुणेकरांच्या तोंडी बसलेला जीबीएस. पोटाचा किंवा श्वसनाचा एखादा संसर्ग होऊन जातो आणि त्यानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा प्रकार. आयसीयूतल्या डॉक्टरांपुढचं काम स्पष्ट होतं. श्वास सांभाळायचा, इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं किंवा प्लाझ्मा बदलायचा, आणि माणसाला परत पायांवर उभं करायचं.

त्याच वेळी शहरात आणखी एक काम चाललं होतं आणि त्यात स्टेथोस्कोपला काही भूमिका नव्हती. इतके रुग्ण नेहमीच येतात की यंदा जास्त आहेत? जीबीएस वर्षाला साधारण लाखात एका-दोघांना होतो. पुणे आणि आसपासची वस्ती ७० लाख धरली, तर वर्षाला ७० ते १४० रुग्ण, म्हणजे महिन्याला ६ ते १२. इथे काही आठवड्यांत संशयितांचा आकडा २००च्या पुढे गेला. म्हणजे काहीतरी नक्की घडत होतं. मग पत्ते नकाशावर मांडले गेले. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात रुग्णांची दाटी दिसली. (हे नांदेड पुण्याजवळचं गाव, मराठवाड्यातलं नव्हे. तेव्हा बऱ्याच जणांचा हा घोळ झाला होता.) शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. हद्द एका आदेशाने वाढते, जलशुद्धीकरण आणि पाइपलाइन तितक्या वेगाने वाढत नाहीत. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र चर्चा रंगली होती ती चिकन खावं की नको यावर.

मोजणी, नकाशा, प्रयोगशाळा, पाणी, महापालिकेचा कारभार, अफवा. पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्य, या विषयाची पदवी या सगळ्या दुसऱ्या कामाचं शिक्षण देते. रोगी एक माणूस नसतो, अख्खी वस्ती असते.

घरात कुणी हा विषय घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नर्सिंग का?" नाही. दुसरा, "मग नावापुढे डॉक्टर लागतं का?" तेही नाही. या पदवीने रुग्ण तपासायचा किंवा औषध लिहून द्यायचा परवाना मिळत नाही. महापालिकेतल्या स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम वेगळा, समाजकार्याची पदवी वेगळी, एमबीबीएसला असतो तो पीएसएमचा, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचा पेपर वेगळा, जरी या सगळ्यांचे बांध एकमेकांना लागून असले तरी. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून "तसंच काहीतरी आरोग्याचं" या हिशेबाने कुणी इथे येणार असेल, तर पहिल्या सहामाहीतच भ्रमनिरास व्हायचा. इथे शरीरशास्त्र जेमतेम असतं आणि आकडेमोड भरपूर.

या पदवीतली एकच गोष्ट निवडायची तर मी सवय निवडेन. कुठलाही आकडा समोर आला की "किती जणांपैकी?" आणि "कुणाच्या तुलनेत?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय. वाचायला सोपं वाटतं. करून बघितलं की कळतं.

पंगतीतला संशयित

एपिडेमिऑलॉजी हा या अभ्यासक्रमाचा कणा. मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात, पण आता त्यात मधुमेह, कर्करोग, रस्ते अपघात, आत्महत्या सगळंच येतं. वर्गात हमखास सोडवायला देतात तसं एक गणित आपल्या पद्धतीने करून पाहू. आकडे अर्थातच काल्पनिक.

लग्नाची पंगत. २०० जण जेवले. संध्याकाळपर्यंत ६० जणांना उलट्या-जुलाब. आजारी मंडळींना विचारलं तर ६०पैकी ४८ जणांनी पुऱ्या खाल्ल्या होत्या. ८० टक्के! गावात लगेच बोभाटा, तेल खराब होतं. आचाऱ्याची मजुरी अडकली.

शिकलेली मुलगी इथे थांबते आणि जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडे जाते. बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात, कारण धडधाकट माणसाला जाऊन "तुम्ही काय खाल्लंत?" असं विचारणं कुणाला सुचत नाही. मुलगी सगळ्या २०० जणांची यादी करते. पुरी १४० जणांनी खाल्ली होती, त्यातले ४८ आजारी, म्हणजे ३४ टक्के. ६० जणांनी पुरी खाल्लीच नव्हती, त्यातले १२ आजारी, म्हणजे २० टक्के. पुरी अजूनही संशयितच. आता बासुंदी. १२० जणांनी घेतली, ५४ आजारी, ४५ टक्के. ८० जणांनी घेतली नाही, ६ आजारी, साडेसात टक्के. बासुंदी घेणाऱ्यांचा धोका न घेणाऱ्यांच्या सहापट. या प्रत्येक टक्केवारीला अ‍ॅटॅक रेट म्हणतात आणि त्या सहापटीला रिलेटिव्ह रिस्क.

मग पुरीचं काय? आपल्याकडे बासुंदी वाटीने पितात तशी पुरीशी लावूनही खातात. ज्यांनी बासुंदी घेतली त्यातल्या बहुतेकांनी पुरीही घेतली. म्हणून मुलगी चार गट पाडते. बासुंदी आणि पुरी दोन्ही घेणारे १००, आजारी ४५. नुसती बासुंदी २०, आजारी ९. नुसती पुरी ४०, आजारी ३. दोन्ही नाही ४०, आजारी ३. आता टक्केवारी काढा. बासुंदी घेतली असेल तर पुरी खा नाहीतर नका खाऊ, ४५ टक्केच. बासुंदी नसेल तर पुरी असो-नसो, साडेसातच. पुरी निर्दोष. ती बासुंदीच्या संगतीत बदनाम झाली होती. याला कन्फाउंडिंग म्हणतात. आरोग्यविषयक बातम्यांमधले "अमुक खाल्ल्याने तमुक होतं" छापाचे बरेच दावे या एका पायरीवर कोसळतात.

काम इथेही संपत नाही. जेवण दुपारी एकला आणि बहुतेकांना उलट्या चार-पाचच्या सुमारास सुरू झाल्या असतील, तर बोट स्टॅफिलोकॉकसच्या विषाकडे जातं, कारण ते १ ते ६ तासांत लक्षणं दाखवतं. दुसऱ्या दिवशी तापासह जुलाब सुरू झाले असते तर साल्मोनेलाचा विचार करावा लागला असता. म्हणून कुणाला किती वाजता सुरू झालं हे लिहून त्याचा आलेख काढायचा. आणि बासुंदी न घेता आजारी पडलेले ते ६ जण? त्यांना परत विचारायचं. चव घेतली होती का? चमचा तोच होता का? की विसरलात? की तुमचं पोट आधीपासूनच बिघडलेलं होतं? उत्तर सापडेलच असं नाही, पण ते ६ जण अहवालातून गायब करायचे नाहीत.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने हेच केलं होतं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती मृत्यू दाटलेले होते. सहाशेवर माणसं गेली. पण त्याच पंपाशेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले. त्यांना कारखान्यात बिअर मिळायची, शिवाय कारखान्याची स्वतःची विहीर होती. पंपाचं पाणी ते पीतच नव्हते. तिथल्या गरिबांच्या वर्कहाउसचीही स्वतःची विहीर होती, तिथेही मृत्यू कमी. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली, तर कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मुद्दाम मागवायची. जिवाणू कुणी ओळखलेला नसतानाही पाण्यावरचा संशय पक्का झाला. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर आपसूकच ओसरू लागली होती, हेही चांगले शिक्षक सांगतात. दांडा काढला आणि साथ थांबली, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण पुरीवरच्या आरोपात आणि तिच्यात फार फरक नाही.

आकड्यांचा फसवा चेहरा

बायोस्टॅटिस्टिक्सला, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राला, मुलं घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात गणित नाही, अंतर्ज्ञानाला धक्के मात्र आहेत. एक धक्का बघा. एखादा आजार शंभरात एकाला आहे. त्याची तपासणी इतकी चांगली की आजारी माणूस ९५ टक्के वेळा पकडते आणि निरोग्याला ९५ टक्के वेळा बरोबर निरोगी म्हणते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९५ टक्के म्हणतात. आता १०,००० माणसं घ्या. आजारी १००, त्यातले ९५ सापडले. निरोगी ९,९००, त्यातल्या ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवलं, म्हणजे ४९५. एकूण पॉझिटिव्ह ५९०, खरे आजारी ९५. म्हणजे १६ टक्के! तपासणी वाईट नाही, पण आजार विरळ असलेल्या ठिकाणी ती सरसकट सगळ्यांवर वापरली तर बहुतेक धावपळ निरोगी माणसांची होते. "फुल बॉडी चेकअप, आज निम्म्या किमतीत" अशा जाहिराती बघताना हे गणित आठवलं तर बरं.

दुसरा धक्का इंग्लंडच्या जेफ्री रोज यांनी १९८५ मध्ये मांडला. फार जास्त धोका असलेली थोडी माणसं आणि किंचित धोका असलेली पुष्कळ माणसं, यांत एकूण रुग्ण अनेकदा दुसऱ्या गटातून जास्त येतात, केवळ तो गट प्रचंड मोठा म्हणून. त्यामुळे रक्तदाब खूप चढलेल्यांना गोळ्या देणं आवश्यक असलं तरी पुरेसं नाही. सगळ्यांच्याच ताटातलं मीठ थोडं कमी होणं समाजाला जास्त फायद्याचं ठरू शकतं. गोची अशी की त्यातून एकेका माणसाला जाणवण्याजोगा लाभ जवळजवळ शून्य. न झालेल्या हार्ट अटॅकबद्दल कुणी पेढे आणून देत नाही. या क्षेत्रात कौतुकाची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

१८९७चं पुणे अभ्यासाला का हवं

आकडे आले, जंतू कळला, तरी माणसं ऐकतीलच असं नाही. म्हणून या पदवीत समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, नीतिशास्त्र, संवाद हे पेपर असतात. विज्ञान शाखेतून आलेली मुलं त्यांना "थिअरी" म्हणून टाळतात. माझ्या मते खरी परीक्षा इथेच असते, आणि समजावून सांगायला पुण्याइतकं चांगलं उदाहरण जगात शोधून सापडणार नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला (२०२० मध्ये करोना आला तेव्हा हाच कायदा कपाटातून बाहेर काढला गेला). पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर रँड. गोरे सैनिक घरात घुसून झडती घ्यायचे, देवघर-माजघर काही बघायचे नाहीत, सामान बाहेर काढून जाळायचे, संशयितांना छावणीत न्यायचे. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. शाळेत आपण ही क्रांतिकारकांची गोष्ट म्हणून शिकतो. पब्लिक हेल्थच्या वर्गात प्रश्न वेगळा असतो: साथ आवरायला निघालेली यंत्रणा लोकांना साथीपेक्षा भयंकर का वाटली?

उत्तराचा एक भाग माणुसकीचा, दुसरा विज्ञानाचा. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे रँडच्या माणसांनी इतकी दहशत घालून माणसं हलवली तेव्हा या साखळीतला मुख्य दुवा, उंदरांवरची पिसू, अजून सिद्धच झालेला नव्हता. १८९७ मध्येच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत खरी असते, हा आजचा नीतिशास्त्राचा प्रश्नही त्याच प्रयोगातून निघतो. आणि त्याच वर्षी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होते. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. त्यांच्या दवाखान्यात रुग्णाला न्यायला बंदूक लागत नव्हती. सक्ती, लस आणि शुश्रूषा असे तीन मार्ग एकाच वर्षात, एकाच परिसरात. करोनाच्या वेळी घरांवर चिकटवलेले स्टिकर आणि सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना केलेली दारबंदी ज्यांनी पाहिली, त्यांना हा धडा जुना वाटणार नाही.

गडचिरोलीची मोजणी

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलंच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. खेड्यात जन्मलेलं बाळ पहिल्या महिन्यातच दगावणं हे तिथे नशिबाचा भाग मानलं जाई. त्यांनी आधी मोजायला सुरुवात केली: किती बाळं जन्मली, किती गेली, कितव्या दिवशी, कशाने. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या, नंतर घरी जाऊन बाळाचं वजन-तापमान बघायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर औषध द्यायच्या, पालकांची संमती घेऊन इंजेक्शनसुद्धा. ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. "कुणाच्या तुलनेत?" हा प्रश्न आठवतो ना? १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. आरोग्यदूतांच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. त्या ४७ गावांशिवाय हा दावा उभाच राहिला नसता. कुणीही म्हटलं असतं की रस्ते झाले, पीकपाणी सुधारलं, म्हणून मृत्यू घटले.

मला या कामातली सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे त्यांचा श्वास मोजायचा मणीफलक. न्यूमोनियात बाळाचा श्वास जलद होतो. पण लिहिता-वाचता न येणाऱ्या किंवा मोठी मोजणी न जमणाऱ्या बाईने मिनिटाला साठ श्वास मोजायचे कसे? एका लाकडी पट्टीवर मणी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं. वैद्यकीय निकष तोच, फक्त तो वापरणाऱ्याच्या हाताला बसेल असा घडवलेला. पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचं काम देशभर आशांकडे, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांकडे, सोपवलं गेलं, त्यामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. जामखेडला रजनीकांत आणि माबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्या बायकांच्या हाती आरोग्य दिलं, तीही याच घराण्यातली गोष्ट.

बाकीचे विषय भराभर. आरोग्यव्यवस्था या पेपरात देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालापासून सुरुवात होते. सपाटीवर ३०,००० लोकांमागे आणि डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हजारामागे एक आशा, असे निकष आणि ते प्रत्यक्षात का कोलमडतात हे येतं. पर्यावरणात पाणी, हवा, कचरा. आरोग्य अर्थशास्त्रात पैसा: तुटपुंज्या निधीतून आधी डायलिसिस की आधी लसीकरण? पोषण, माता-बाल आरोग्य, मानसिक आरोग्य. आणि हल्ली बहुतेक ठिकाणी आर किंवा स्टाटा यांसारखं आकडेमोडीचं एखादं सॉफ्टवेअर.

पदवी घ्यावी का, आणि कुठे

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. बंग काय, आरोळे काय, सगळे आधी डॉक्टर होते आणि पब्लिक हेल्थ नंतर शिकले. ते अपवाद नव्हते. जॉन्स हॉपकिन्सचं स्कूल १९१६ मध्ये सुरू झालं, कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ १९३२ मध्ये, आणि दीर्घकाळ हा विषय पदव्युत्तरच समजला गेला. अमेरिकेत २००३ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शिफारस केली की पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पब्लिक हेल्थ शिकायची संधी असावी, आणि त्यानंतर तिथे पदवी अभ्यासक्रम झपाट्याने वाढले. तिथे ही चार वर्षांची पदवी पुष्कळ मुलं पुढे मेडिकल, कायदा किंवा धोरण शिकायची पायाभरणी म्हणून घेतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षांची.

भारतात चित्र अजून वेगळं आहे. बीपीएच किंवा बीएस्सी पब्लिक हेल्थ अशा नावांनी मोजक्या विद्यापीठांत पदवी मिळते, पण ज्या संस्थांचं नाव या क्षेत्रात वजनाने घेतलं जातं, त्यांची ताकद एमपीएचमध्ये, म्हणजे पब्लिक हेल्थच्या पदव्युत्तर पदवीत आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पब्लिक हेल्थ फाउंडेशनच्या आयआयपीएच संस्था, चेन्नईची राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्था. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत (आयआयपीएस) लोकसंख्याशास्त्र शिकता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, तीच संस्था करते. एमपीएचला यायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. संख्याशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग, दंतवैद्यक, आयुर्वेद अशा पार्श्वभूमीची मुलंही येतात. कोणत्या शाखा चालतात ते प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात बघावं.

म्हणून माझं स्पष्ट मत: महाराष्ट्रात राहून, सरकारी आरोग्यखात्यात काम करायचं डोक्यात असेल, तर नुसत्या पदवीवर भिस्त ठेवू नका. जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी ही पदं डॉक्टरांची आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक, डेटा सांभाळणारी माणसं लागतात, पण बऱ्याच जाहिरातींत एमबीबीएस किंवा एमपीएच मागितलेलं असतं आणि नेमणूक कराराची, त्या प्रसिद्ध अकरा महिन्यांची. प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र केडर, म्हणजे याच कामासाठीचा वेगळा अधिकारीवर्ग, असावं असं २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं आहे. तमिळनाडूत अशी वेगळी यंत्रणा फार आधीपासून आहे, तिथला सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९चा, मद्रास प्रांताच्या काळातला. बाकी ठिकाणी काम कूर्मगतीने. पदवीनंतर लगेच मिळणारं काम बहुधा स्वयंसेवी संस्थांत, संशोधन प्रकल्पांत, सर्वेक्षणांत असतं. पगार सुरुवातीला बेताचा आणि फिरती भरपूर.

तरीही पदवीच घ्यायची असेल, तर सोबत एक पक्कं हत्यार हवं. संख्याशास्त्र सगळ्यात उपयोगी; नाहीतर अर्थशास्त्र, नकाशांचं जीआयएस, पोषण, पर्यावरण. नुसतं "मला थोडं थोडं सगळं येतं" म्हणणाऱ्याला मुलाखतीत उभं राहायला जागा मिळत नाही. बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून मग एमपीएच केलेली मुलगी अनेक संस्थांना हवीहवीशी असते, हे पालकांनी जरा शांतपणे ऐकावं.

कॉलेज निवडताना इमारत, एसी, परदेशी करार हे सगळं बाजूला ठेवून फील्डबद्दल विचारा. कॉलेजने दत्तक घेतलेली वस्ती किंवा गाव आहे का, मुलं तिथे आठवड्यातून किती वेळ जातात, एखाद्या आरोग्य केंद्राशी लेखी व्यवस्था आहे का, की वर्षातून एकदा बस भरून सहल? मागच्या वर्षीच्या मुलांचे प्रकल्प अहवाल बघायला मागा. "जनजागृती रॅली काढली" असे अहवाल दिसले तर सावध व्हा. "अमुक वस्तीतल्या इतक्या घरांपैकी इतक्या घरांत पाण्यात क्लोरीन सापडला नाही" असं लिहिलेलं दिसलं तर तिथे कुणीतरी नीट शिकवतंय. संख्याशास्त्र शिकवणारे पूर्णवेळ आहेत का हेही विचारा, कारण तो विषय पाहुण्या प्राध्यापकांवर सोपवायची पद्धत आहे आणि नेमकं तिथेच मुलं कच्ची राहतात. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे ना, आणि पदवीचं नाव पुढच्या एमपीएचच्या अटींत बसतं ना, हे प्रवेशाची फी भरण्याआधी तपासा.

परदेशी पदवीबद्दल थोडक्यात. चार वर्षांचा खर्च प्रचंड, आणि तिथे जे आरोग्यखातं शिकाल ते तिथलं. इथे पदवी, दोन-तीन वर्षं खऱ्या फील्डवर काम आणि मग एमपीएचला बाहेर, हा रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो. बऱ्याच परदेशी एमपीएच अभ्यासक्रमांत कामाच्या अनुभवाला किंमत असते, आणि वर्गात बसल्यावर सांगण्याजोगं तुमच्याकडे काहीतरी असतं. ज्यांना हे सगळं वाचूनही ठरवता येत नाही, त्यांनी बारावीच्या सुट्टीत जवळच्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन एखाद्या आशाताईंबरोबर लसीकरणाच्या दिवशी फिरावं. उन्हात दारोदार जाऊन तोच प्रश्न पंचविसाव्यांदा विचारताना उत्तर नीट लिहून घ्यावंसं वाटलं, तर अर्ज भरा.